दुप्पट झालं की दुप्पट?

मुंबईतल्या एका मराठी शाळेत मी सातवीला गणित शिकवते. समप्रमाण मला हातचा मळ वाटायचा. पाच वह्यांचे शंभर, तर आठ वह्यांचे किती? एकीची किंमत काढा, आठने गुणा, झालं. खरी फसगत पुढे असते, हे मला उशिरा उमगलं.

१. त्रैराशिक मांडण्याआधी ते लागू होतं का, ते पाहा.
एकदा फळ्यावर लिहिलं, ‘दोरीवरचे ५ शर्ट ३ तासांत वाळतात, तर १० शर्ट किती तासांत वाळतील?’ बहुतेकांनी नेटक्या पायऱ्या मांडून सहा तास काढले. एक मुलगी तेवढी पुटपुटली, “पण बाई, ऊन तर सगळ्यांवर एकदमच पडतं ना?” चूक मुलांची नव्हती. धड्याचं नाव ‘समप्रमाण’ म्हणजे त्यातलं प्रत्येक गणित समप्रमाणाचंच, ही सवय आम्हीच लावलेली. आता प्रत्येक सरावात दोन-तीन न बसणारी उदाहरणं मी मुद्दाम मिसळते.

२. कुकर उत्तम शिक्षक आहे.
एक वाटी तांदळाला दोन वाट्या पाणी, तर तीन वाट्यांना सहा. शिट्ट्या मात्र दोन्ही वेळा तीनच! एकाच भांड्यात समप्रमाण आहे आणि नाहीही. हे मुलं घरी जाऊन आईला सांगतात.

३. ‘दोन्ही वाढतात’ हा पुरावा नव्हे.
मुलगी १०, आई ४०, म्हणजे चौपट. दहा वर्षांनी २० आणि ५०, म्हणजे अडीचपट. फरक तोच राहिला, गुणोत्तर बदललं. प्रत्येक जोडीचा भागाकार तोच आला, तरच समप्रमाण. व्यस्ताचंही तसंच. उदबत्ती वेळेबरोबर लहान होते, म्हणून ते व्यस्त प्रमाण होत नाही. तिथे गुणाकार स्थिर लागतो.

४. सरळ रेषेला भुलू नका.
महिनाभर घर बंद, युनिट शून्य, तरी विजेचं बिल येतंच, कारण स्थिर आकार. आलेख आरंभबिंदूतून सुटत नसेल तर रेषा कितीही सरळ असो, ते समप्रमाण नाही. म्हणून मुलांना मी पहिलं विचारते, “शून्याला शून्य येतं का?”

५. आपलं आवडतं उदाहरणही तपासा.
“रिक्षाला किमान भाडं असतं, म्हणून भाडं समप्रमाणात नाही,” असं मी वर्षानुवर्षं ठोकून सांगायचे. मुंबईत फेब्रुवारी २०२५ पासून पहिल्या दीड किलोमीटरला २६ रुपये, पुढे दर किलोमीटरला १७ रुपये १४ पैसे. मागच्या बाकावरचा एक मुलगा उठला. त्याचे वडील रिक्षा चालवतात. “बाई, तीन किलोमीटरचे ५१ होतात. म्हणजे जवळजवळ दुप्पटच की!”

मी फळ्यावर १७.१४ गुणिले दीड केलं. २५.७१. किमान भाडं म्हणजे दीड किलोमीटरचंच भाडं, फक्त पूर्ण रुपयात! समप्रमाण मोडत होतं ते दीडच्या आत. तिथे अर्ध्या किलोमीटरलाही २६ च.

शर्टांचे सहा तास काढणाऱ्या मुलांत आणि माझ्यात काय फरक होता? फळ्यावरचं माझं ‘नाही’ मी पुसलं आणि खडू त्याच्या हातात दिला.