मोठ्या वाड्यातील वीज-फलक बदलताना

महाराष्ट्र राज्य वीज मंडळाची स्थापना १९६० साली झाली आणि त्यानंतरच्या काळात खेडोपाडी वीज पोहोचत गेली. त्या काळी ज्या वाड्यांत वीज आली, त्यांच्या गरजा थोड्या होत्या. माजघरात एक दिवा, ओसरीवर एक, देवघरात एक, आणि फार झाले तर एखादा पंखा व रेडिओ. एवढ्यासाठी सागवानी फळीवर एक लोखंडी मेन स्विच, चिनीमातीची दोन-चार किटकॅट आणि काळ्या कळांची रांग बसविली की काम भागत असे. पुढे घर वाढले, भावाभावांची दोन स्वयंपाकघरे झाली, गोठा पक्का झाला, कडबाकुट्टीचे यंत्र आले, दूध काढण्याचे यंत्र आले, पाणी तापविण्याचे गिझर आले. फळी मात्र बहुतेक ठिकाणी तीच राहिली. नवीन यंत्र आले की तिच्यावर आणखी एक किटकॅट ठोकावयाचे, हीच आपल्याकडील रीत होय. अशा फळीच्या जागी नवा फलक बसविताना कोणत्या गोष्टी पाहावयास हव्यात, याचा विचार या लेखात केला आहे.

प्रारंभीच एक घरची हकिगत सांगणे आवश्यक वाटते. आमच्या वाड्यातील गोठ्यात काही वर्षांपूर्वी आषाढातील एका पहाटे एक दुभती म्हैस दावणीलाच मरून पडली. धार काढण्यास गेलेल्या आमच्या काकूंना ओल्या फरशीवर पाय ठेवताच झिणझिण्या आल्या, म्हणून त्या मागे सरल्या व वाचल्या. कुट्टीयंत्राच्या मोटारीतील तारेचे वेष्टण उंदरांनी कुरतडले होते. वीज यंत्राच्या सांगाड्यात व तेथून गव्हाणीच्या लोखंडी नळीत उतरली होती. आश्चर्याची गोष्ट अशी की, फ्यूज शाबूत होता. थोरल्या काकांचा त्यावर विश्वासच बसेना. "फ्यूज उडाला नाही, मग वीज कोठून येणार?" असे ते दिवसभर म्हणत होते. शेतीशास्त्राचे शिक्षण घेतलेल्या मलाही त्या वेळी त्याचे उत्तर देता आले नाही. ते मागाहून परवानाधारक विद्युत् ठेकेदाराकडून समजून घ्यावे लागले.

उत्तर साध्या गणिताचे आहे. घराला येणारी वीज २३० व्होल्टची असते. यंत्राच्या सांगाड्यात उतरलेली वीज आपल्या अर्थिंगच्या खड्ड्यातून जमिनीत जाते व जमिनीतून रोहित्राच्या अर्थिंगकडे परतते. समजा, आपल्या खड्ड्याचा रोध १५ ओहम व रोहित्राकडील ५ ओहम, म्हणजे एकूण २० ओहम आहे. २३० ला २० ने भागले असता प्रवाह साडेअकरा अँपिअर येतो. पंधरा अँपिअरची फ्यूज-तार साधारणपणे त्याच्या दुपटीच्या सुमारास वितळते. अर्थात् साडेअकरा अँपिअरने तिला काहीच होत नाही आणि ती तासन् तास शाबूत राहते. दरम्यान, यंत्राच्या सांगाड्यावर सुमारे १७० व्होल्टचा दाब उभा असतो. शिवाय कित्येक घरांत फ्यूज-तारेच्या जागी वायरीतील तांब्याचे दोन-तीन पदर पिळून घातलेले असतात. आमच्याकडेही तसेच होते. सारांश, फ्यूज हा वायर जळू नये म्हणून असतो. माणसाला व जनावराला वाचविणे हे त्याचे काम नव्हे, आणि त्याच्याकडून ते होतही नाही. फ्यूजच्या जागी आता जे स्वयंचलित खटके, म्हणजे एमसीबी बसवितात, त्यांनाही हेच लागू आहे.

जनावरांच्या बाबतीत धोका अधिक आहे. गुरांच्या शरीराचा रोध माणसापेक्षा कमी असतो, त्यांचे पुढचे व मागचे पाय एकमेकांपासून दूर असतात आणि खूर सदैव ओल्या, मूत्राने भिजलेल्या जमिनीवर असतात. त्यामुळे माणसाला केवळ झिणझिण्या आणणारा दाब जनावराला मारक ठरू शकतो. प्राण घेण्याइतकी नसलेली बारीक गळतीही गुरांना जाणवते. जनावर पाणी पिण्यास बिचकते, धारेच्या वेळी अस्वस्थ होते, पान्हा चोरते. अशा वेळी दृष्ट काढण्यापूर्वी गव्हाणीच्या नळीची वीजतंत्रज्ञाकडून तपासणी करून घ्यावी.

यास्तव नव्या फलकात सर्वांत महत्त्वाची वस्तू म्हणजे गळती-रक्षक खटका होय. बाजारात त्यास आरसीसीबी म्हणतात. फेजमधून गेलेला प्रवाह न्यूट्रलमधून पूर्णपणे परत आला की नाही, हे तो सतत तोलून पाहत असतो. तीस मिलिअँपिअर, म्हणजे अँपिअरच्या शंभरात तीन भाग, एवढी तूट आढळली की सेकंदाच्या लहानशा अंशात तो वीज तोडतो. वर सांगितलेल्या उदाहरणात साडेअकरा अँपिअरची तूट होती. हा खटका असता तर ती म्हैस दगावली नसती. माणसे व गुरे यांच्या संरक्षणासाठी तीस मिलिअँपिअरचाच खटका घ्यावा. शंभर किंवा तीनशे मिलिअँपिअरचे मिळतात, ते आगीपासून संरक्षणासाठी व वरच्या टप्प्यावर बसविण्यासाठी असतात.

आता फलक केवढा असावा हे पाहू. याचा अंदाज घरातील सर्व यंत्रांच्या बेरजेवरून न करता, ती एकाच वेळी किती चालतात यावरून करावा. गोठा असलेल्या घरात कसोटीची वेळ पहाटेची असते. समजा, त्या वेळी दूध काढण्याचे यंत्र ११०० वॅट, कुट्टीयंत्र २१०० वॅट, दोन गिझर मिळून ४००० वॅट, शीतकपाटे ४०० वॅट व दिवे ५०० वॅट घेतात. ही बेरीज ८१०० वॅट, म्हणजे सुमारे ३५ अँपिअर होते. मोटारींमुळे प्रत्यक्षात ती त्याहून थोडी अधिकच येते. तीस अँपिअरचा जुना मेन स्विच पहाटे तापून वास का मारतो, ते यावरून कळेल. असा भार असेल तर वीज कंपनीकडे मंजूर भार वाढवून घेण्याचा अर्ज आधी करावा आणि तीन फेजचा पुरवठा मिळत असल्यास तो घ्यावा. मग दोन गिझर दोन निरनिराळ्या फेजांवर व गोठा तिसऱ्यावर टाकता येतो. तीन फेजच्या घरात न्यूट्रलचा सांधा मात्र पक्का हवा. तो सुटल्यास एखाद्या फेजवरील उपकरणांना २३० च्या जागी ४०० व्होल्टपर्यंत दाब मिळून ती जळतात. न्यूट्रलमध्ये फ्यूज कदापि घालू नये. जुन्या फळ्यांवर तो सर्रास आढळतो.

दिव्यांसाठी दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची तार व ६ किंवा १० अँपिअरचा खटका, मोठ्या प्लगसाठी अडीचची तार व १६ चा खटका, गिझरसाठी चारची तार व २० चा खटका, हे प्रमाण सामान्यतः ठीक पडते. खटका तारेला साजेसा असावा, यंत्राला नव्हे. खटका वारंवार पडतो म्हणून त्याच तारेवर मोठा खटका बसविणे म्हणजे किटकॅटमध्ये तांब्याचे पदर पिळण्याचाच नवा प्रकार होय.

मोठ्या आवाराची खरी अडचण अंतराची असते, आणि तिच्याकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते. मीटर ओसरीत, तर गोठा परसाच्या टोकाला ८० मीटरवर, अशी रचना आपल्याकडे नित्याची आहे. जाण्यायेण्याची तार धरून १६० मीटर होतात. अडीच चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेचा एवढ्या लांबीचा रोध सुमारे १.२ ओहम भरतो. दोन अश्वशक्तीचे कुट्टीयंत्र चालताना ११ अँपिअर घेते, तेव्हा १३ व्होल्ट वाटेतच खर्च होतात. हे एक वेळ चालेल. परंतु मोटार सुरू होतानाचा प्रवाह चालू प्रवाहाच्या कित्येक पट असतो. तो ५० अँपिअर धरला तर ६० व्होल्ट तारेतच जिरतात व मोटारीला जेमतेम १७० व्होल्ट मिळतात. मोटार घरघरते, फिरत नाही, तापते, आणि शेतकरी मोटार दुरुस्त करणाऱ्याकडे खेपा घालतो. दोष मोटारीत नसून तारेत असतो. त्याच ठिकाणी दहा चौरस मिलिमीटरची तांब्याची किंवा सोळाची ॲल्युमिनियमची चिलखती केबल जमिनीखालून नेली तर सुरुवातीची तूट पंधरा व्होल्टच्या आसपास राहते. ॲल्युमिनियमची केबल स्वस्त पडते, मात्र तिचे टोक तांब्याच्या तारेशी नुसते पिळून जोडू नये. असा सांधा कालांतराने गंजतो, सैल होतो व तापतो. योग्य टोपण दाबूनच जोड करावा.

या केबलच्या टोकाला गोठ्याचा स्वतंत्र उपफलक असावा. वाड्यातील मुख्य फलकात या केबलवर गळती-रक्षक घालावयाचा असल्यास तो तीनशे मिलिअँपिअरचा व विलंबाने पडणारा घ्यावा आणि तीस मिलिअँपिअरचा गोठ्यातील उपफलकात ठेवावा. म्हणजे गोठ्यातील दोषाने सारे घर अंधारात पडत नाही. उपफलक गोठ्याच्या आत न लावता बाहेरच्या कोरड्या भिंतीवर, जनावराचे शिंग व पाण्याची धार पोहोचणार नाही अशा उंचीवर, घट्ट झाकणाच्या पेटीत बसवावा. मूत्रातून निघणाऱ्या अमोनियाने तांबे व पितळ खाल्ले जाते, कुट्टीचा भुसा पेटीत साचून पेट घेऊ शकतो आणि कुंभारीण माशीला अशी पेटी घर बांधण्यास फार आवडते. केबल जेथून आत येते ते भोक बुजविण्यास विसरू नये, कारण उंदीर व पाली तेथूनच शिरतात.

अर्थिंगसाठी अडीच मीटर लांबीचा जस्तलेपित नळ जमिनीत उभा पुरून भोवती कोळसा व मीठ यांचे थर देण्याची पद्धत परिचित आहे. आपल्या काळ्या जमिनी उन्हाळ्यात भेगाळतात व नळापासून सुटतात, तर मुरमाड आणि कातळाच्या जागी रोध मुळातच अधिक असतो. म्हणून अर्थिंगचे मोजमाप पावसाळ्यात न करता वैशाखात करावे व खड्ड्यास उन्हाळ्यात नियमित पाणी घालावे. घरासाठी एक व गोठ्याजवळ एक असे निदान दोन खड्डे असावेत. गोठ्यातील गव्हाणीची नळी, पाण्याची लोखंडी पाइप, खांब व यंत्रांचे सांगाडे हे सर्व एकाच तारेने परस्परांशी व अर्थिंगशी जोडावेत, म्हणजे जनावराच्या तोंडाशी व पायाशी निरनिराळा दाब राहत नाही. नव्या गोठ्याची फरशी करताना तिच्यातील लोखंडी जाळीही याच तारेला जोडून घेतल्यास उत्तम. फरशी झाल्यावर ते शक्य होत नाही.

आता एका अडचणीविषयी विस्ताराने लिहावयास हवे, कारण पुष्कळ चांगले फलक तिच्यापायी निकामी झालेले पाहण्यात आले आहेत. जुन्या घरात गळती-रक्षक बसविला की तो पहिल्याच दिवशी पडू लागतो. वीजकाम करणारा दोन-तीन वेळा तो उचलतो, मग कंटाळून तारा परस्पर जोडून देतो. फलकावर खटका दिसतो, पण त्यातून वीज जातच नाही. वस्तुतः खटका बहुधा खरेच सांगत असतो. जुन्या वायरिंगमध्ये माडीचा दिवा एका फेजवर व त्याचा न्यूट्रल जवळ सापडेल त्या दुसऱ्याच मंडलातून घेतलेला असतो. परतीचा प्रवाह दुसऱ्या वाटेने गेल्यामुळे खटक्याला तूट दिसते. कोठे भिंतीतील ओलीने वेष्टण मुरलेले असते, कोठे गिझरची कांडी फुटलेली असते. यासाठी घराचे निदान तीन भाग करून प्रत्येकावर निराळा गळती-रक्षक घालावा आणि प्रत्येक मंडलाचा फेज व न्यूट्रल जोडीनेच आणावा. मग कोणत्या भागात दोष आहे हे शोधणे सोपे जाते. यासाठी काही वायर नवी टाकावी लागेल. तो खर्च अंदाजपत्रकात पहिल्यापासून धरावा, केवळ फलकाची किंमत विचारून काम सुरू करू नये.

हे काम परवानाधारक ठेकेदाराकडूनच करून घ्यावे व त्याच्याकडून चाचणीचा दाखला मागून घ्यावा. मेन स्विच बंद केला तरी खांबापासून मीटरपर्यंतची व मीटरपासून मेन स्विचपर्यंतची तार जिवंतच असते. म्हणून कंपनीस कळवून पुरवठा खांबावरून तोडून घ्यावा. मीटरच्या मोहरेला कोणीही हात लावू नये. शेतीपंपाच्या जोडणीतून घराला वा घरच्या जोडणीतून पंपाला वीज घेऊ नये. वीज कायदा २००३ च्या कलम १२६ प्रमाणे मंजूर कारणाखेरीज अन्य कारणासाठी केलेला वापर अनधिकृत ठरून त्याची आकारणी होते. घरी जनित्र असल्यास चेंज-ओव्हर स्विच नव्या फलकातच बसवून घ्यावा. दोन्ही बाजूंना पिन असलेली वायर प्लगमध्ये खुपसून जनित्राची वीज घरात सोडण्याचा प्रकार काही ठिकाणी दिसतो. ती वीज उलट्या वाटेने तारांत जाते व खांबावर चढलेल्या तारतंत्र्याचा जीव घेऊ शकते.

काम संपल्यावर पैसे चुकते करण्यापूर्वी ठेकेदाराने मेगर लावून प्रत्येक मंडलाचे वेष्टण आपल्यासमोर तपासावे. पाचशे व्होल्टवर ते एक मेगओहमपेक्षा कमी भरू नये. अर्थिंगचे वाचन कागदावर लिहून घ्यावे. सर्व स्क्रू एकदा आवळलेले असले तरी महिनाभराने पुरवठा बंद करून पुन्हा आवळवावेत. प्रत्येक खटक्यासमोर तो कशाचा आहे हे मराठीत ठळक अक्षरांत लिहून घ्यावे, म्हणजे घरातील वृद्धांना व मुलांनाही अंधारात योग्य खटका सापडेल. गळती-रक्षकावर 'टी' अक्षराची कळ असते. ती महिन्यातून एकदा दाबावी व खटका पडतो का ते पाहावे. दाबूनही तो न पडल्यास त्याच दिवशी बदलून घ्यावा. आमच्याकडे हे काम दर अमावास्येला काकू करतात, आणि कळ दाबण्यापूर्वी दूध काढण्याचे यंत्र बंद आहे ना, हे त्या आधी विचारून घेतात.