मीटरच्या दिव्यावरून छुपी वीज शोधा

हे काम रात्रीची जेवणे उरकल्यावर काढावे. माणसे दोन लागतात: एक घरात, एक मीटरपाशी. सोसायटीत मीटर खाली असतात, तेव्हा दोघांच्या हातात फोन हवा.

आधी दिवे, पंखे, एसी, गीझर बंद करा. टीव्ही, सेटटॉप बॉक्स, कॉम्प्युटर मात्र रोज करता तसेच बंद करा. बोर्डावरच्या बटणाला हात लावू नका. फ्रिज पाव तास बंद ठेवला तर दूध नासत नाही. इन्व्हर्टर असल्यास बॅटरी पूर्ण भरलेली असतानाच मोजा. त्याचा पुरवठा तोडलात, तर घरातली उपकरणे बॅटरीवर चालू लागतील आणि मीटरला त्यांचा पत्ताच लागणार नाही.

मीटरवर लाल दिवा लुकलुकत असतो. एका युनिटला तो किती वेळा लुकलुकतो, हा आकडा शेजारी छापलेला असतो. पुष्कळ मीटरांवर ३२००. दिवा एकदा लुकलुकल्यापासून पुन्हा लुकलुकेपर्यंतचे सेकंद मोजा. छापील आकडा आणि सेकंद यांच्या गुणाकाराने ३६ लाखांना भागले की वॉट मिळतात. ३२०० चा मीटर आणि ४५ सेकंद, म्हणजे २५ वॉट. एक वॉट वर्षभर अखंड चालला की ८.७६ युनिट होतात. २५ वॉटचे २१९. महावितरणच्या घरगुती बिलात वापर वाढेल तसा पुढच्या टप्प्याचा दर चढतो, त्यामुळे वाचलेले युनिट सर्वांत महाग टप्प्यातूनच कमी होतात.

आता घरातल्याने एकेक बटण बंद करत जावे आणि खालच्याने अंतर वाढले का ते सांगावे. सुरुवात सेटटॉप बॉक्सपासून करा. रिमोटने बंद केल्यावर बऱ्याच बॉक्सांचे फक्त चित्र थांबते. आतली यंत्रणा चालूच राहते, आणि छत्रीवरच्या एलएनबीला वीजही तोच पुरवत राहतो. हात लावून पाहा, कोमट लागेल. मग एसीचा स्टॅबिलायझर: पावसाळा-हिवाळाभर एसी झोपलेला, पण याचा ट्रान्सफॉर्मर जागा. पुढे होम थिएटर, स्पीकर, प्रिंटर. घरात सर्वांत जास्त बोलणी मोबाइलच्या चार्जरवरून बसतात. पण नवा चार्जर नुसता खोचून ठेवला तर अर्धा वॉटही घेत नाही. त्याच्या मागे लागू नका, काही मीटरांना एवढा भार कळतही नाही.

मोजणी संपली की आधी फ्रिज चालू करा.

खरी अडचण सवयीची नसते, बटणाच्या जागेची असते. टीव्हीचा प्लग युनिटच्या पाठीमागे आणि बटणही तिथेच. रोज रात्री कोण वाकणार? इलेक्ट्रिशियनकडून ते बटण हाताला येईल असे बाहेर काढून घ्या आणि टीव्ही, बॉक्स, साउंडबार त्या एकावर घ्या. जमत नसेल तर बटण असलेला एक्स्टेन्शन बोर्ड पुढे आणा.

काही पथ्ये आहेत. एसी रिमोटने बंद केल्यावर पाचेक मिनिटांनी स्टॅबिलायझर बंद करावा. शाईचा प्रिंटर आधी त्याच्या स्वतःच्या बटणाने बंद करा, म्हणजे हेडवर झाकण बसते आणि शाई वाळत नाही. ओएलईडी टीव्ही बंद झाल्यावर पडद्याची देखभाल स्वतःच करतो, त्याला लगेच तोडू नका. वायफायवर सीसीटीव्ही असेल तर राउटर चालू राहू द्या. आणि बॉक्सवर मालिका रेकॉर्डला लावलेली असेल, तर बटण बंद करण्यापूर्वी घरात विचारून घ्या.