देवदूतांच्या हातचे कर्णे

रविवारच्या शाळेंत मुलांना दाखविण्याच्या चित्रांत यरीहोचा तट पडतांनाचें चित्र बहुधा असतेंच. पुष्कळदां त्यांत याजकांच्या हातीं लखलखीत पितळी तुताऱ्या दिसतात. वाचकहो, आतां यहोशवाच्या पुस्तकाचा ६ वा अध्याय उघडून पाहा. तेथें एडक्याचीं शिंगें सांगितलीं आहेत. चांदीचे घडीव कर्णे निराळे. त्यांची आज्ञा गणनेच्या १० व्या अध्यायांत आहे, आणि ते दोनच. चित्रकारानें शिंग व कर्णा एक करून टाकले.

मग असलीं चित्रें टाकाऊ समजावीं काय? तसें नाहीं. चित्रकार जें वाद्य रेखाटतो तें पुष्कळ वेळां त्यानें स्वतः पाहिलेलें असतें. यास्तव प्राचीन काळाविषयीं त्याची साक्ष कच्ची, पण स्वतःच्या काळाविषयीं मोलाची असते. ट्राँबोन नांवाच्या वाद्याचा आरंभ शोधणाऱ्यांना हा भेद फार उपयोगीं पडला आहे.

रोम शहरांत तीताची कमान आहे. इ. स. ७० त यरुशलेमेचें मंदिर उद्ध्वस्त झालें. तेथील लूट मिरवीत नेल्याचा देखावा तिच्यावर कोरलेला आहे. सात फांद्यांचा दीपवृक्ष सर्वांस ठाऊक असतो, पण मेजापाशीं असलेले दोन सरळ, लांब कर्णे पुष्कळांच्या नजरेंतून सुटतात. योसेफस हा यहूदी इतिहासकार कर्ण्याची लांबी हातभराहून किंचित् कमी सांगतो. कमानीवरचे कर्णे त्याहून लांब दिसतात. म्हणजे येथेंहि मापाविषयीं सावध राहिलें पाहिजे.

त्याच रोम शहरांत सांता मारिया सोप्रा मिनेर्वा या देवळांत कार्डिनल काराफा याचें प्रार्थनामंदिर आहे. तेथील भिंतींवर फिलिप्पिनो लिप्पी यानें १४८८ ते १४९३ या काळांत चित्रें रंगविलीं. त्यांत मरियेच्या स्वर्गारोहणाचा प्रसंग आहे. त्याला शास्त्रांत आधार नाहीं. पण वाद्यांचा अभ्यास करणारा त्या चित्रापुढें थांबतो, कारण तेथें एका देवदूताच्या हातीं दुहेरी सरकत्या नळीचें वाद्य आहे. ट्राँबोनच्या अगदीं जुन्या खात्रीलायक चित्रांत याची गणना होते.

दुहेरी नळीचें एवढें महत्त्व कां? साध्या तुतारीची लांबी ठरलेली, म्हणून तिच्यांतून थोडेच स्वर निघतात. नळी लांबविली कीं स्वर खालीं उतरतो. प्रथम एकेरी सरकती नळी करीत. वाजविणारा तोंडाकडील नळी ओठांशीं धरून बाकीचें सगळें वाद्यच पुढेंमागें ढकलीत असे. पुढें सरकता भाग दोन समांतर नळ्यांचा केला. तो एक वीत ओढला कीं दोन्ही बाजूंनीं मिळून लांबी दोन विती वाढते. श्रम निम्मे झाले, आणि खालचे स्वरहि हातीं आले.

हें सर्व चित्रांतूनच जुळवावें लागतें. नुरेंबर्ग येथील एरास्मुस श्नित्झर या कारागिराचा १५५१ सालचा ट्राँबोन त्या शहरांतील संग्रहालयांत आहे. ज्यावर साल कोरलेलें आहे अशा शिल्लक ट्राँबोनांत तो सर्वांत जुन्यांपैकीं होय. लिप्पीचा देवदूत त्याच्याहून अर्ध्या शतकाहून अधिक वडील! मात्र ठशावरून छापलेलें चित्र असेल तर एक खबरदारी घ्यावी: ठसा कागदावर उलटा उमटतो, म्हणून उजवा हात डावा दिसूं शकतो.

मायकेल-अँजेलोनें १५३६ ते १५४१ त काढलेल्या शेवटच्या न्यायाच्या चित्रांत देवदूत लांब तुताऱ्या फुंकतात. त्यांच्याजवळ दोन पुस्तकें आहेत, तारण पावलेल्यांचें लहान व नाश पावणाऱ्यांचें मोठें. सरकती नळी तेथें नाहीं, जरी त्या काळीं ती यूरोपांत चांगली माहीत होती.

जर्मन वाचकांच्या मनांत मात्र हें वाद्य शास्त्रांतच शिरलें. लूथरनें यरीहोच्या शिंगांना आणि प्रकटीकरणांतील सात कर्ण्यांना ‘पोझाउन’ हा शब्द योजिला, आणि जर्मन लोक ट्राँबोनलाहि तेंच नांव देतात. त्यामुळें तिकडील मूल यरीहोची गोष्ट ऐकतांना एडक्याचें शिंग डोळ्यांपुढें न आणतां गांवच्या वाजंत्र्याचा पितळी ट्राँबोन आणूं लागलें, तर त्यांत त्याचा दोष तो काय?