संप : एकीचे बळ, एकीची कसोटी

एकट्या कामगाराने काम थांबविले तर मालक दुसरा माणूस ठेवतो. सर्वांनी मिळून थांबविले तर यंत्रच बंद पडते आणि मालकाला बोलणी करावी लागतात. संपाचे मर्म एवढेच आहे. आम्ही बँकेत कारकुनी करणारी माणसे. संपाच्या दिवसाचा पगार कापला जातो हे ठाऊक असूनही आम्ही संपावर जातो, ते याच विश्वासाने.

परंतु ही एकी आपोआप होत नाही. १९२८ साली मुंबईच्या गिरण्यांत मोठा संप झाला. त्या काळी जास्त मजुरीच्या विणकाम खात्यात अस्पृश्य कामगारांना प्रवेश नव्हता. धोट्यातील सूत तोंडाने ओढावे लागे, म्हणून सवर्ण कामगारांना विटाळाची भीती! संपात उपासमार मात्र दोघांचीही होई. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांपुढे ठेवला.

पुढे १९३८ साली मुंबई सरकारने औद्योगिक कलह विधेयक आणले. समेटाची प्रक्रिया पुरी होण्याआधी केलेला संप त्याने बेकायदा ठरणार होता. संपाचा हक्क हा स्वातंत्र्याचाच हक्क आहे, असे बाबासाहेबांनी विधिमंडळात ठणकावले. ७ नोव्हेंबर १९३८ रोजी त्यांचा स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट यांनी मिळून एक दिवसाचा संप केला. विधेयकाचा कायदा झालाच; पण हक्काची जाणीव मागे राहिली.

म्हणून आम्हांस वाटते, मालकाकडे न्याय मागण्यापूर्वी शेजारच्या कामगाराला आपण न्याय देतो काय, हे प्रत्येकाने स्वतःला विचारावे.