सरासरीत हरवलेला तालुका

ताका पूर्ण उलगडून पाहिल्याशिवाय माल घेऊ नये, हे कापडाच्या धंद्यात पहिल्याच वर्षी कळते. वरची घडी स्वच्छ असते, दोष आत निघतो. देशाच्या आणि राज्याच्या संपत्तीचे आकडेही असेच उलगडून पाहावे लागतात.

नाशिक जिल्हा संपन्न समजला जातो. सातपूर-अंबडचे कारखाने, निफाडची द्राक्षे, लासलगावचा कांदा, मालेगावचे यंत्रमाग. याच जिल्ह्यात, नाशिकपासून सुमारे 55 किलोमीटरवर, सावळघाट ओलांडला की आमचे पेठ येते. 2011 च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या 61 लाख होती, पेठ तालुक्याची एक लाख वीस हजारांच्या आसपास. म्हणजे जिल्ह्यातील शंभरांत दोन माणसे पेठची, आणि त्यांत नव्वद टक्क्यांहून अधिक आदिवासी. आता हिशेब करा. बाकीच्या अठ्ठ्याण्णव जणांची मिळकत प्रत्येकी शंभर रुपये धरली आणि या दोघांची शून्य, तरी सरासरी अठ्ठ्याण्णव रुपये येते. दोन घरांत चूल पेटली नाही, हे त्या आकड्यावरून कोणाला कळणार?

राज्याच्या पातळीवरही असेच घडले. 1983 मध्ये सरकारने प्रा. वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. रस्ते, सिंचन, शिक्षण, वीज अशा बाबतींत जो जिल्हा राज्याच्या सरासरीपेक्षा मागे, त्याची तूट म्हणजे अनुशेष. 1984 च्या अहवालात तो 3,186 कोटी रुपये निघाला : विदर्भ 1,246 कोटी, मराठवाडा 750 कोटी, उर्वरित महाराष्ट्र 1,189 कोटी. काम मोलाचे होते. पण माप प्रामुख्याने जिल्ह्याचे, आणि पेठ बसले 'उर्वरित महाराष्ट्रात', मुंबई-पुण्याच्या पंगतीला. 1994 मध्ये तीन विकास मंडळे झाली, त्यांची मुदत एप्रिल 2020 मध्ये संपली.

पाण्याचेही पाहा. पेठला साधारण दोन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. येवल्याला त्याच्या पाव हिश्श्याइतकाच. तरी उन्हाळ्यात आमच्या पाड्यांवरच्या बाया हंडे घेऊन दरीत उतरतात. पाणी दमणगंगेतून गुजरातकडे जाते, मधुबन धरणात अडते आणि वापी-सिल्वासाच्या कारखान्यांना मिळते. पाऊस आमचा, उद्योग तिकडे.

माणसेही पाण्यासारखीच उतारावर जातात. भात काढून झाले की कुटुंबेच्या कुटुंबे दिंडोरी-पिंपळगावच्या द्राक्षबागांत कामाला जातात आणि शिमग्याला परततात. मजुरी तिथे मिळते आणि मीठ-मिरचीपासून लुगड्यापर्यंतची खरेदीही बहुतेक तिथेच उरकते. आमच्याकडे येते ती पावसाळ्यातली उधारी. पेठच्या दुकानदाराची विक्री कमी का, याचे उत्तर गिऱ्हाईकाच्या कंजूषपणात शोधू नका.

येथे एक रिवायत आठवते. प्रेषितांनी (स.) हजरत मुआज बिन जबल (रजि.) यांना यमनला पाठवताना तेथील धनिकांकडून जकात घेऊन तेथील गरिबांना देण्यास सांगितले होते. पुढे हजरत उमर (रजि.) यांच्या काळात मुआज यांनी यमनच्या जकातीचा काही हिस्सा मदीनेला पाठवला, तेव्हा खलिफांनी हरकत घेतली. मी तुम्हाला वसुलीसाठी पाठवले नाही, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. येथे घेणारा कोणी उरला नाही, अशी खात्री मुआज यांनी दिल्यावरच तो माल राहू दिला. राजधानीने प्रांताचा पैसा कधी घ्यावा, याचा इतका स्पष्ट दाखला दुसरा मला माहीत नाही.

आपल्या हाती सरकारी तिजोरी नाही, पण खरेदी आहे. आपण सुरतेची साडी, मालेगावचे कापड इथे आणून विकतो आणि नफ्यातून नाशकात जागा घेतो. मीही घेतली, लपवत नाही. मग पाण्याला आणि मजुराला नावे ठेवण्याचा मला काय हक्क? गेल्या दोन वर्षांपासून परकर-पोलक्यांची शिलाई नाशिकच्या कारागिराऐवजी पेठच्याच चार बायांना देतो. सुरुवातीला टाका वाकडा आला, माल परत आला, दर नगाला खर्च अजूनही थोडा जास्त पडतो. पण त्या चार घरांपैकी दोन घरे या वर्षी द्राक्षांवर गेली नाहीत, आणि त्यांची उधारी शिमग्याच्या आधीच फिटली. नागली-खुरासणी घेणाऱ्या बंधूंनी माल इथेच स्वच्छ करून, पोती इथेच भरून पाठवली, तर हमाली आणि निवडणीची मजुरी तालुक्यात राहील. वाहतुकीचा खर्च वाढतो का, ते ज्यांचा टेम्पो नियमित नाशिकला जातो त्यांनी ताडून पाहावे.