एरियलचा खांब आणि वारा

आपलें कळंब कर्जत तालुक्यांतील गांव. पश्चिमेस माथेरानचा डोंगर, खालीं भातखाचरें, आणि पावसाळ्यांत वाऱ्याचें राज्य. अशा ठिकाणीं घराजवळ रेडिओच्या एरियलसाठीं खांब उभारणें हा पदार्थविज्ञानाचा उत्तम धडा होय.

वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतो. ताशीं ५५ किलोमीटर वेगाच्या वाऱ्याचा दाब दर चौरस मीटरला सुमारें १४ किलोग्रॅम भरतो. वेग ११० झाला कीं तोच चौपट, म्हणजे ५७ होतो. ३ जून २०२० रोजीं ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलें, तेव्हां वाऱ्यानें सुमारें हाच वेग गांठला होता. ३० फूट उंच व २ इंच जाड लोखंडी नळावर अशा वेळीं वीस-पंचवीस किलोग्रॅम भार येतो. एवढ्यानें काय होणार, असें वाटेल. परंतु हा भार १५ फुटांच्या तरफेनें नळाला बुडाशीं वांकवूं पाहतो.

यावर अधिक जाड नळ आणावा, असें पुष्कळांस सुचतें. त्यांनीं गलबताची डोलकाठी पाहावी. ती दोरांच्या ताणावर उभी असते. आपल्या खांबासही २० फुटांवरून तीन दिशांस, सारख्या कोनांत, जस्ताचा मुलामा दिलेल्या तारांचे ताण द्यावेत. ताणाचें टोक बुडापासून २० फुटांवर बांधलें, तर तारेवर वाऱ्याच्या ओढीच्या सुमारें दीडपट जोर येतो. जागा वांचविण्यासाठीं तें ५ फुटांवर आणलें, तर चौपटीहून अधिक! आंगण लहान असेल, तर खांबच लहान करावा हें बरें.

ताण कौलारू घराच्या वाशांस मुळींच बांधूं नयेत. नुसती मेख ठोकूनही भागत नाहीं, कारण भातजमीन पहिल्या पावसांतच मऊ पडते. ३ फूट खोल खड्ड्यांत लोखंडी तुळईचा तुकडा आडवा पुरावा, त्यास जाड सळई जोडून ती वर काढावी, आणि खड्डा दगडमातीनें चोपून भरावा.

जागा निवडतांना एक गोष्ट सर्वांआधीं पाहावी. खांब कोणत्याही बाजूस कोसळला, तरी तो विजेच्या तारांस शिवतां कामा नये. येथें चूक झाल्यास प्राणाशीं गांठ आहे. खांब तांब्याच्या पट्टीनें जमिनींत पुरलेल्या सळईशीं जोडावा, आणि ढग गडगडण्यापूर्वींच एरियलची तार यंत्रापासून सोडवून घराबाहेर ठेवावी. वळवाच्या व परतीच्या पावसांत तर विशेषच.