फाइल ‘खराब’ म्हणण्याआधी
डीव्हीडीसाठी न बदलणाऱ्या व्हिडिओ फायलींची तपासणी

कापडाच्या व्यापाऱ्याने संगणकाच्या कामात का पडावे, असे बंधूंना वाटेल. कारण एवढेच की या कामात आमचे असे नुकसान होता होता राहिले, जे पैशाने भरून निघाले नसते.

२०१९ च्या हिवाळ्यात आम्ही अब्बांचे बोलणे मोबाइलवर चित्रित करून ठेवले होते. हातमागावर नऊवारीचा काठ कसा धरायचा, फणीचा हिशेब कसा मांडायचा, ताणा वारंवार तुटू लागला तर दोष कुठे शोधायचा, असे तीन भाग, मिळून एक तास चाळीस मिनिटे. पहिला भाग भाच्याच्या नव्या फोनवर, बाकीचे दोन आमच्या जुन्या फोनवर. २०२१ मध्ये अब्बांचा इंतिकाल झाला. पुढे फूफीने ती फिल्म पाहायला मागितली. त्या मोबाइलला हात लावत नाहीत. घरी जुना टीव्ही आणि डीव्हीडी प्लेयर, त्याला पेन ड्राइव्ह लावण्याची सोय नाही. तेव्हा डीव्हीडी करणे भाग होते.

पेन ड्राइव्ह घेऊन आम्ही एका दुकानात गेलो. पहिल्या भागात आवाज आला पण पडदा काळा. दुसऱ्यात ओठ आधी हलत, शब्द मागून येत. तिसरा भाग उघडलाच नाही. दुकानातला मुलगा म्हणाला, “चाचा, तिन्ही फायली खराब आहेत. डिलीट करा, फोनमधली जागा तरी मोकळी होईल.” आम्ही घरी येऊन फोन हातात घेतलाही होता. भाच्याने थांबवले. “मामू, आधी आत काय आहे ते तर पाहू,” असे तो म्हणाला.

इथेच सगळी गोम आहे. फाइलच्या नावापुढे एमपी-४ किंवा एव्हीआय लिहिलेले असते, तो केवळ गाठीवरचा शिक्का. आत सुती आहे की पॉलिस्टर, हे गाठ उघडल्याशिवाय कळत नाही. चित्र आत ज्या पद्धतीने दाबून बसवलेले असते तिला कोडेक म्हणतात. दोन एमपी-४ फायलींत दोन निराळे कोडेक असू शकतात. मीडियाइन्फो नावाचा फुकट प्रोग्राम फाइल न बदलता आतला सगळा तपशील दाखवतो. कोणी ‘खराब’ म्हणाले की आधी हा तपशील मागावा.

पहिल्या भागात एचईव्हीसी, म्हणजे एच.२६५ निघाले. नवे फोन जागा वाचवण्यासाठी ही पद्धत वापरतात. दुकानातला प्रोग्राम जुना होता, त्याला ती ठाऊक नव्हती. फाइल धडधाकट होती.

दुसऱ्या भागाचे दुखणे अधिक शिकण्यासारखे. आपल्याकडच्या पाल पद्धतीच्या डीव्हीडीत सेकंदाला ठीक २५ चित्रे लागतात. मोबाइल मात्र उजेड कमी झाला किंवा फोन तापला की चित्रांचा वेग कमीजास्त करतो. तपशिलात ‘व्हेरिएबल’ असा शब्द दिसला की समजावे. जुना प्रोग्राम सगळीकडे एकच वेग धरून चालतो, आणि जसजशी फिल्म पुढे जाते तसतसा आवाज चित्रापासून सुटत जातो. याची ओळख सोपी आहे. फरक पहिल्या मिनिटाला आणि शेवटच्या मिनिटाला सारखाच असेल तर आवाज नुसता पुढे-मागे सरकवून भागते. फरक वाढत जात असेल तर वेगाचा दोष, तिथे सरकवून काही होत नाही.

दोन्ही भागांवर इलाज एकच निघाला. हँडब्रेक या फुकट प्रोग्राममध्ये एच.२६४ निवडले, चित्रांचा वेग २५ आणि ‘कॉन्स्टंट’ केला, आवाज ४८ किलोहर्ट्झ ठेवला आणि मधली फाइल तयार केली. ती डीव्हीडी स्टाइलरमध्ये टाकली. डीव्हीडीला लागणारे एमपेग-२ चित्र, ७२० बाय ५७६ च्या मापाचे, तो स्वतः बनवतो. पूर्ण फिल्म लावण्याआधी एका मिनिटाचा तुकडा करून पाहावा. नमुना न पाहता आपण थान रंगायला टाकतो का?

तिसऱ्या भागाने दोन दिवस खाल्ले. फोनमधल्या एमपी-४ फाइलची अनुक्रमणिका बहुधा शेवटी लिहिलेली असते. शेपूट तुटली की आतला माल शाबूत असूनही प्रोग्रामला काही सापडत नाही. आम्ही पेन ड्राइव्ह नक्कल पुरी होण्याआधीच ओढला होता. मूळ फाइल फोनमध्ये होती, ती पुन्हा उतरवली आणि काम झाले. त्या संध्याकाळी डिलीट केले असते तर? नक्कल पुरी आली की नाही हे पाहताना जीबीचे आकडे ताडू नयेत, बाइटचे ताडावेत. फोन आणि संगणक जीबी निरनिराळ्या हिशेबाने मोजतात, ४.७ जीबीची डीव्हीडी विंडोजमध्ये ४.३७ दिसते ती त्यामुळेच. मूळच तुटलेले असेल, म्हणजे चित्रण चालू असताना बॅटरी गेली असेल, तर त्याच फोनवर तशाच मापाने घेतलेल्या दुसऱ्या चांगल्या फाइलच्या आधाराने दुरुस्ती करणारे प्रोग्राम आहेत. यश दर वेळी येत नाही, आणि प्रयोग नकलेवरच करावा.

एक अडचण खास आमच्यासारख्यांची. आम्ही फोल्डरला अब्बांचे नाव उर्दूत दिले होते. काही जुने प्रोग्राम उर्दू किंवा देवनागरी नाव वाचू शकत नाहीत, आणि ‘फाइल सापडत नाही’ असे म्हणतात. इंग्रजी अक्षरांत छोटे नाव द्यावे. बिचाऱ्या उर्दूचा यात काही कसूर नाही.

ॲपमध्ये उतरवलेले सिनेमे कुलूपबंद असतात. ते बदलत नाहीत, आणि तो माल आपला नाही.

आता जागेचा हिशेब. डीव्हीडीत चित्राची गती सेकंदाला ९.८ मेगाबिटच्या वर चालत नाही, जुने प्लेयर त्याआधीच अडखळतात. आमच्या ६,००० सेकंदांना पूर्ण डिस्क वाटली तर सेकंदाला सुमारे ६.२ मेगाबिट येतात. त्यातून आवाजाचे आणि थोडे राखीव काढून आम्ही ५.८ धरले. दोन तासांना ४.८ ठीक. त्याहून लांब असेल तर दोन डिस्क कराव्यात, एकीतच कोंबले की चेहरे चौकड्यांसारखे फुटतात. नुसती एमपी-४ फाइल डिस्कवर टाकली तर जुना प्लेयर ती घेत नाही, हे वेगळे सांगायला नको.

डिस्क आम्ही चारच्या संथ वेगाने लिहिली आणि आधी आमच्याच जुन्या प्लेयरवर शेवटपर्यंत चालवून पाहिली. फूफीकडे तिसरा भाग दोनदा लावावा लागला. फोनमधल्या मूळ फायली आता दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर आहेत, एक आमच्याकडे, एक भाच्याकडे.